सुटलेल्या

"पाटण गाडी कधी लागंल हो?"

समोरच्या माणसाच्या हातात फोन होता, फोनवर गाडीचा ठिपका सरकताना दिसत होता, तरी तो मलाच विचारत होता. कराड स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून माझी वीस-बावीस वर्षं गेली. डिझेल गेलं, निम्म्या गाड्यांवरचे ड्रायव्हर गेले, फलाटावरचे बोर्ड स्वतःहून बोलायला लागले. पण माणसाला अजून माणसाच्या तोंडूनच ऐकायचं असतं. म्हणून मी आहे, नाहीतर मला केव्हाच घरी बसवलं असतं.

"पुलावर आहे. येईल. बसा तिकडं सावलीला."

तो बाजूला झाला आणि त्याच्यामागे माझी लेक उभी. रेवा. आईशी बोलायला रांगेत उभी राहून आली होती, शहाणी कुठली.

"आई, शुक्रवारची वेळ मिळाली. मुल्ला मॅडमची. तुझ्या तपासण्या झाल्या की पुढच्या महिन्यात सुरू करू म्हणाल्यात." तिचे डोळे चमकत होते. तीन वर्षांत ते असे चमकलेले मी पाहिले नव्हते. "सुट्टी टाक हं. विसरशील."

"टाकते," मी म्हटलं.

ती गेली आणि पुढच्या बाईला मी चिपळूणऐवजी तासगावचा फलाट सांगितला.

सांगून टाकते, ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. माझ्या लेकीला माझी पिशवी हवी होती. बीज तिचं आणि जावयाचं, वाढवायचं मी माझ्या पोटात, असं घरात ठरलं होतं. मीही मान डोलावली होती. आणि माझ्याकडे द्यायला काही उरलंच नव्हतं. पिशवी होती जागच्या जागी, पण तिचा कारभार बंद पडला होता. तो बंद मी केला होता, मुद्दाम, आणि हे जगात कुणाला ठाऊक नव्हतं.

आता ठेवीबद्दल सांगायला हवं. हल्लीच्या पोरींना वाटतं ठेवीचं इंजेक्शन पूर्वापार चालत आलंय. तसं नाही. मी तिशीला आले तेव्हा ते नवीन होतं, आणि मला ते मुल्ला मॅडमनीच समजावून सांगितलं होतं. बाई हुशार, आणि कागदावर चित्रं काढून सांगायची तिला हौस.

"हर्षदाताई, मुलगी आईच्या पोटात असते ना, तेव्हाच तिच्या अंडाशयात जन्माची सगळी बीजं भरलेली असतात. नंतर एकही नवीन होत नाही. कणगी भरून मिळते, पुढं नुसता उपसा. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. मग दर महिन्याला त्यातली बरीचशी जागी होतात, त्यातलं एक पिकतं, बाकीची वाळून जातात. असं करत करत पन्नाशीला तळ लागतो. तळ लागला की पाळी गेली."

"एका दाण्यासाठी एवढी नासाडी?"

"तेच तर. पण जागी झालेली बीजं एक रस सोडतात. तो झोपलेल्यांना सांगतो, की तुम्ही पडा अजून, तुमचा नंबर यायचाय. हा रस बाहेर बनवला, जास्त टिकेल असा केला, आणि तीन महिन्यांतून एकदा दंडात टोचला, की कमी बीजं जागी होतात. कणगी पुरते पासष्टीपर्यंत. सत्तरीपर्यंतसुद्धा."

खोटं कशाला बोलू, चीज चांगली होती. अंडाशय चालू राहिलं की त्याचा रस हाडांना मिळतो, हृदयाला मिळतो, झोप नीट लागते. माझी आई अठ्ठावन्नाव्या वर्षी मोरीत घसरली आणि खुबा मोडून पडली, ती पुन्हा उठली नाही. तसं आपलं नको, म्हणून मी दंड पुढे केला. सगळ्यांनीच केला. सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला लागलं, विमेवाल्यांनी सक्ती केल्यासारखंच केलं, आणि बघता बघता गावोगावच्या बायका ठेववाल्या झाल्या.

मॅडमनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. "मध्येच सोडायचं नाही हं. सोडलं की दाबून ठेवलेली सगळी एकदम जागी होतात. वर्षाच्या आत कणगी रिकामी. आणि मग ती पुन्हा कुणालाही भरता येत नाही."

त्या कागदावर एक गोष्ट मात्र कुणी काढली नव्हती. पूर्वी बाईची पाळी गेली की घरात तिला जरा मोकळं सोडायचे. चिडली तर म्हणायचे, वय झालं तिचं. दुपारी आडवी झाली तर म्हणायचे, पडू दे. ठेव आली आणि ते वय होणंच बंद पडलं. बायकांची निवृत्ती सदुसष्टवर नेली, कारण आम्ही ठणठणीत! सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं मीच केलं, कारण मला काय झालंय? माझा नवरा अमोल माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याचे गुडघे दुखतात, म्हणून तो संध्याकाळी खुर्चीत बसून शेक घेतो, आणि मला म्हणतो, "तुझं बरंय बाई, तुला वयच नाही." माणूस वाईट नाही तो. पण त्या वाक्याला मला शेकाची पिशवी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटायची.

आणि पाळी होतीच की. बाराव्या वर्षी सुरू झालेली. खिडकी सोडून उठता येत नाही, पोटात पिळा पडलाय, आणि समोरचा विचारतोय, सांगलीला नॉनस्टॉप आहे का. पन्नाशी उलटल्यावरसुद्धा.

आंबेघळला माझी आत्या आहे, शालनआत्या. कराडहून वर डोंगरात गाव आहे, तिथली पाणजाई आमची देवी. चैत्रात जत्रा असते आणि देवीला खपली गव्हाची खीर लागते, तांब्याच्या एका मोठ्या तपेल्यात शिजवलेली. ती शिजवायची ज्यांची पाळी गेलीय त्या बायकांनी, दुसऱ्या कुणी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. त्यांना गावात सुटलेल्या म्हणतात.

आता हा नियम मला कधी पटला नाही. देवी बाईच ना, तिला कधी आली नसेल का? पण लहानपणापासून माझं लक्ष नियमाकडे नव्हतंच, ते होतं आतल्या हसण्याकडे. दार लोटून घेतलेल्या त्या खोलीत सुटलेल्या बायका चुलीपाशी बसायच्या, मिश्री लावायच्या, आणि असल्या खदाखदा हसायच्या की बाहेर पुरुष अस्वस्थ होऊन खाकरायचे. तिथे त्यांना कुणी हाक मारायची नाही, पाणी मागायचं नाही. तेरा वर्षांची असताना मी एकदा फटीतून डोकावले, तर आत्या म्हणाली, "थांब गं बये. तुला लई अवकाश हाय अजून." आणि परत सगळ्या हसल्या. मला तिथे आत जायचं होतं. दुसरं काही नाही.

दोन वर्षांपूर्वी जत्रेला गेले तेव्हा त्या खोलीत दोघीच उरल्या होत्या, आत्या आणि गजराबाई. दोघींचं हसणं बाहेर ऐकू येईना. परत आले, ठेवीची तारीख होती, स्टँडवर गर्दी होती म्हणून राहून गेलं. दवाखान्यातून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी म्हटलं, येते. आणि नाही गेले. कंटाळा आला होता, याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

पुढच्या आठ-नऊ महिन्यांत सगळं मॅडमनी सांगितल्यासारखं झालं. अंगाचा भडका उडायचा, घामाने पदर भिजायचा. घरात मी म्हणायचे, पित्त झालंय. दर महिन्याला कपाटात पॅडचं पाकीट आणून ठेवायचे, म्हणजे कुणी विचारायला नको. मग एक दिवस लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत काही आलेलंच नाही. मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! स्टँडवरच्या टपरीवर जाऊन मी एकटीने भजी खाल्ली.

त्याच्यानंतर रेवाने मागितलं.

रेवाचं काय झालं तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी तिला आठवा महिना होता. डोहाळजेवण होऊन पंधरवडा उलटला असेल-नसेल. आत वार सुटली, रक्त थांबेना. बाळ गेलं, आणि ती वाचावी म्हणून पिशवी काढावी लागली. अंडाशयं राहिली, म्हणजे बीजं तिची शाबूत, पण ठेवायला जागा नाही. दुसऱ्या बाईच्या पोटात वाढवायचं तर कायद्याने जवळच्या नात्यातलीच बाई लागते. जावई ओंकार, त्याची आई कधीच वारलेली. बहीण दोघांनाही नाही.

मी वाटाणे सोलत होते. ती समोर येऊन बसली आणि तिनेही सोलायला घेतले.

"आई, तुला एक मागायचंय. नाही म्हणालीस तरी चालेल."

मी तिच्याकडे पाहिलं. चालणार नव्हतं. एकेक शेंग तीनतीनदा दाबत होती.

तिने सांगितलं. खुर्चीतून अमोल म्हणाला, "अगं, त्यात विचारायचं काय! तुझ्या आईची ठेव आहे म्हणून बरं. पूर्वीच्या बायकांना जमलं असतं का हे?" त्याचे डोळे भरून आले होते. रेवा माझ्या तोंडाकडे बघत होती. मला त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बघू. हो. करू." तिने वाटाण्याच्या टरफलांसकट मला मिठी मारली.

शुक्रवारच्या आधीच मी एकटी मुल्ला मॅडमकडे गेले. खोटं बोलत बोलत थकले होते, निदान एकीला तरी खरं सांगावं. मॅडमनी रक्त तपासलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काही नाही उरलेलं, ताई. हे कधी केलंत?"

"रेवानं विचारायच्या आधी. देवाशप्पथ आधी."

"मी कुठं काय म्हणतेय?"

"पुन्हा ठेव सुरू केली तर?"

"रिकाम्या कणगीला कुलूप लावून काय होणार?"

"गोळ्या देऊन पिशवी तयार करतात म्हणे."

"करतात. पण पन्नाशीपुढं परवानगी फक्त ठेववाल्या बायकांना. अशी रिकामी झालेली बाई त्या वयात बाळंतपणाला बसली की बीपी चढतं, हृदयावर ताण येतो, असं बघितलंय आम्ही. मी नियमही मोडणार नाही आणि तुमचा जीवही घालवणार नाही."

"रेवाला तुम्ही सांगाल?"

"मला नाही सांगता येणार. तुमच्या शरीराची गोष्ट आहे, तुम्हीच सांगायची." मग त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि हळूच म्हणाल्या, "मी बासष्टची आहे, ताई. ठेव चालू आहे. काल तीन बाळंतपणं केली. तुम्हाला रागवावं असं वाटत होतं, पण जमेना बघा."

मी घरी आले आणि काय केलं असेल? रेवाला फोन केला आणि म्हटलं, "शुक्रवारी नको. आठवड्यावर जत्रा आलीय, आधी पाणजाईची ओटी भरून येऊ. मग डॉक्टर." ती लगेच तयार झाली. तिला वाटलं आई किती मनापासून करतेय. आणि मला हायसं वाटलं, आठ दिवस मिळाले म्हणून. त्या हायसं वाटण्याची लाज वाटली ती वेगळीच.

आंबेघळला पोचलो तर गावात निराळाच घोळ झालेला. गजराबाई दिवाळीत वारली होती. आत्या ब्याऐंशीची, महिन्यापूर्वी पडून तिचं मनगट मोडलेलं, हात गळ्यात. खीर कोण शिजवणार? गावातल्या पन्नास-साठीच्या झाडून सगळ्या बायका ठेववाल्या. त्यांच्याहून मोठ्या होत्या त्या वारल्या, नाहीतर अंथरुणाला खिळल्या. वाड्यावस्त्यांवर माणसं पाठवून झाली, शेजारच्या गावांत विचारून झालं. कुठे सुटलेली बाई मिळेना. एक मिळाली ती नव्वदीची, तिला ऐकू येत नव्हतं आणि ती आली ती स्वतःच खाटेवरून.

देवळासमोर मांडवात सगळे बसले होते. जत्रा कमिटीचा अध्यक्ष सूरज मोहिते, चाळिशीचा, उभा राहून हातवारे करत होता. "हे बघा, काळाप्रमाणं बदलायला पाहिजे. मी केटरर सांगतो. मशिनवर ढवळतात, एक दाणा लागत नाही खाली."

"आन् देवीला काय सांगू? केटररनं धाडलीय म्हनून?" आत्या खोलीच्या पायरीवर बसून म्हणाली.

"मग आत्या, नियम जरा ढिला करू. पाळीत नसलेली कुठलीही बाई चालेल."

त्यावर बायकांतच जुंपली. एक म्हणाली चालेल, दुसरी म्हणाली काही झालं तर गावाला भोगायला लागेल. एक म्हातारा म्हणाला, आमच्या आयांनी पाळलं ते तुम्ही सोडणार होय? सूरज वैतागून म्हणाला, "अहो, मग बायकांची ठेव बंद करू का गावाची?"

"नगं बंद करू," आत्या म्हणाली. "माझा हात बघ कसा मोडलाय. ठेववालीचा मोडला नसता. ज्येला त्येला आपआपलं."

मी आणि रेवा मांडवाच्या कडेला बसलो होतो. रेवाच्या मांडीवर ओटीचं ताट होतं, खण, नारळ, तांदूळ. हळदीकुंकू लावत एक बाई आली. तिने मला लावलं, रेवापाशी आली आणि थबकली. मागच्या बाईने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. तेवढंच मला ऐकू आलं, "...पिशवीच काढलीय गं बिचारीची." मग तिने कुंकू लावलं, पण अगदी हळू, आजारी माणसाला लावावं तसं. रेवाचा चेहरा दगडासारखा झाला. गेली तीन वर्षं जिकडे जाईल तिकडे हे असंच चाललं होतं. तो हळू आवाज, ती बिचारी.

आत्याने पायरीवरून विचारलं, "शेवटचं इचारते. सुटलेली कोन हाय का तुमच्यात?"

बायका आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होत्या. मी उठायला हवं होतं. त्या खोलीसाठी मी तेराव्या वर्षापासून थांबले होते. पण उठले असते तर शेजारी बसलेल्या पोरीला सगळ्या गावासमोर कळलं असतं, की तिच्या बाळाची जागा तिच्या आईने आधीच बंद करून टाकलीय. मी ताट सावरत बसून राहिले. घाम फुटला, आणि तो पित्ताचा नव्हता.

माझ्या शेजारी रेवा उठली.

तिने ओटीचं ताट माझ्या मांडीवर ठेवलं. "मी आहे," ती म्हणाली.

सूरज गोंधळला. "तू? अगं ताई, तू तर अजून तिशीतसुद्धा..."

"माझी पाळी तीन वर्षांपूर्वीच गेली. पिशवीच नाही मला. सगळ्यांना माहितीय ना? आत्ता मागं बोललात की." तिचा आवाज मोठा होता. "आज्जी, चालतं का तुझ्या देवीला?"

आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर हसू आलं. "चालतं म्हंजी काय? आगं, ध्यानातच आलं न्हाई कुनाच्या. ये की गं बाय. ये."

रेवा पायऱ्या चढून आत गेली. मागे बायका चुकचुकल्या. कुणीतरी डोळे पुसले. मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा.

दार लोटलेलं नव्हतं, धूर बाहेर यावा म्हणून उघडंच ठेवलं होतं. बाहेरून मला सगळं दिसत होतं. आत्या भिंतीला टेकून सांगत होती आणि रेवा करत होती. चूल पेटवली. कांडलेला गहू ओतला. लाकडी उलथनं हातात घेऊन ती तपेल्यात ढवळत राहिली, केस तोंडावर आलेले, हात काळे झालेले. मध्येच आत्या काहीतरी म्हणाली आणि रेवा हसली. खरंखुरं हसली! मी ऐकलं. त्या खोलीतलं हसणं, आणि मी परत एकदा बाहेर.

गूळ पडला, वास सुटला. खीर दाटत आली. तपेलं उतरवायची वेळ झाली तेव्हा आत्या ओरडली, "आता जाळ वड मागं! आन् एकटीनं उचलू नगंस, पाठ जाईल. त्ये दोघींचं काम हाय."

"तू कुठं उचलणार, आज्जी? तुझा हात मोडलाय."

"आगं पन..."

तपेल्याला दोन बाजूंना दोन कड्या. रेवाने फडकं गुंडाळून एक कडी धरली आणि ओढून पाहिली. तपेलं कलंडायला लागलं. घाबरून तिने कडी सोडून दिली. पुन्हा धरली. करपल्याचा वास यायला लागला. सूरज पायरीपर्यंत धावला आणि तिथेच थांबला, आत जावं की नको. मांडवातल्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या, आणि एकही पुढे होईना. पोट फाडून पिशवी काढलेली माझी पोर आत उकळत्या तपेल्याशी झगडत होती.

मी ओटीचं ताट खाली ठेवलं आणि चालायला लागले.

"काकू, कुठं?" सूरज म्हणाला.

"आत."

"अहो पण तुम्ही..."

"बाजूला हो रे."

उंबरठा ओलांडला. धुराने डोळे चुरचुरले. रेवाने वर पाहिलं. "आई, तू नको येऊस, तुझी तर..." ती बोलायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मी दुसऱ्या बाजूला जाऊन पदर हाताला गुंडाळत होते. तिला कळायला फार वेळ लागला नाही, हुशार आहे ती पहिल्यापासून.

"कधी?" तिने विचारलं.

"तू मागायच्या आधी."

"ठेव सोडलीस?"

"हो."

"का?"

"दमले होते गं," मी म्हटलं. "फार दमले होते. मला माहीत नव्हतं तू मागशील. माहीत असतं तर आणखी दहा वर्षं टोचून घेतलं असतं. आणि मागितलंस तेव्हा नाही म्हणता येईना. तुझं तोंड बघून नाही म्हणता येईना."

तिच्या तोंडावरून काय काय येऊन गेलं ते मला लिहिता येणार नाही. आधी राग होता. मग ते बाळ होतं, जे मनात धरून ती चार महिने हिंडत होती, ते जाताना मी तिच्या डोळ्यांत बघितलं. तिच्या गालावरून पाणी ओघळलं, धुराचंही असेल. मला वाटलं, आता ही फडकं फेकून बाहेर निघून जाईल. गेली असती तर मी तिला दोष दिला नसता.

 

तपेल्याने खालून फसफस आवाज केला.

"लागतंय खाली," रेवा म्हणाली. नाक दंडाला पुसलं आणि फडकं पुन्हा कडीला गुंडाळलं. "धर ना, आई. बघत काय बसलीस?"

मी धरलं. आम्ही दोघींनी मिळून उचललं. जड होतं फार, पावलं अडखळली, पण सांडलं नाही. खाली ठेवलं तेव्हा दोघींच्याही मांड्या थरथरत होत्या.

"बसा आता," आत्या म्हणाली. "हितनं कुनी उठवत न्हाई."

मी भिंतीला टेकून बसले. रेवा माझ्याकडे पाठ करून बसली, दूर, चुलीच्या पलीकडे. बोलून काय होणार होतं? आत्याने डाव्या हाताने दार लोटून घेतलं. निखारे तडतडत होते. बराच वेळ गेल्यावर रेवा तशीच बसल्या बसल्या मागे सरकली आणि तिची पाठ माझ्या खांद्याला टेकली. रडत होती ती. माझं तोंड तिला दिसत नव्हतं, ते बरं झालं.

बाहेरून सूरजने दारावर थाप मारली. "झाला का निवद? लोक खोळंबलेत."

आत्याने आमच्याकडे पाहिलं. मी जन्मभराच्या सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी रेवाच बोलली.

"नाही झाला," ती म्हणाली. "वेळ लागेल. बसा तिकडं."

आणि आम्ही तिघी बसून राहिलो.